पगारपत्रकातली टोपली

बाजारात एक माणूस येतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दुकानात. तूरडाळ काय भाव, तांदूळ काय भाव, चहापूड किती, खोबरेल तेल किती, असं एकेक विचारतो, वहीत टिपतो आणि काहीही विकत न घेता पुढच्या दुकानाकडे वळतो. दुकानदार त्याला ओळखतो. गिऱ्हाईक नसलेलं हे गिऱ्हाईक न चुकता येतं.

मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, गोवा अशी देशभर ८८ केंद्रं आहेत आणि त्यांतले ३१७ बाजार. या बाजारांतून ४६३ वस्तू आणि सेवांचे भाव गोळा होतात. ते शिमला-चंडीगडच्या श्रम ब्युरोकडे जातात आणि तिथून महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी एक आकडा बाहेर पडतो. जून २०२५ साठी तो होता १४५.०. एवढंच. पूर्णांक तीन आकडी, दशांशचिन्हानंतर एक अंक. या एका आकड्यावर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा आणि निवृत्तिवेतनधारकांचा महागाई भत्ता ठरतो. कारखान्यांतले कितीतरी पगार-करार याच कुळातल्या निर्देशांकांना बांधलेले असतात. महाराष्ट्रात किमान वेतनावर दर जानेवारीत आणि जुलैत जो ‘विशेष भत्ता’ चढतो, तोही याच गणिताच्या आधारावर.

त्याचं पूर्ण नाव आहे औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक. नाव रुक्ष आहे, पण नावाच्या आत एक भरलेली टोपली आहे. ती टोपली कुणी भरली आणि तिच्यासाठी माणसं रस्त्यावर का उतरली, ही गोष्ट मला आपल्या अर्थव्यवस्थेतली सर्वात विलक्षण गोष्ट वाटते.

टोपलीत काय आहे?

महागाई म्हणजे भावांची सरासरी, असं आपण सहज म्हणतो. तसं केलं तर फसगत होईल. काडेपेटीचा भाव दुप्पट झाला आणि तांदळाचा दुप्पट झाला, तर दोन्ही वाढी सारख्याच, पण घराला त्या सारख्या लागत नाहीत. म्हणून आधी घर मोजावं लागतं. कामगाराचं कुटुंब शंभर रुपये खर्च करतं तेव्हा त्यातले किती कशावर जातात, हे घरोघरी जाऊन विचारावं लागतं. सध्याच्या निर्देशांकासाठी २०१६ साली सुमारे ४८ हजार कामगार कुटुंबांना हे विचारलं गेलं. कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, सार्वजनिक मोटार वाहतूक, वीज आणि बंदरं-गोद्या या सात क्षेत्रांतली ही कुटुंबं.

त्यातून टोपलीचं वजन ठरलं. शंभरातले ३९.१७ खाण्यापिण्याला. १६.८७ घराला. ६.०८ कपड्याचपलांना. ५.५० इंधन आणि दिवाबत्तीला. २.०७ पान, सुपारी, तंबाखू आणि नशेच्या पदार्थांना. उरलेले ३०.३१ बाकी सगळ्याला : औषधपाणी, मुलांची शाळा, प्रवास, मोबाइल, दाढी-कटिंग, करमणूक.

आता गणित जिवंत होतं. खाण्यापिण्याच्या वस्तू दहा टक्क्यांनी महागल्या तर निर्देशांक जवळजवळ चार टक्क्यांनी चढतो. पान-तंबाखू तेवढंच महागलं तर जेमतेम दोन दशांश टक्का. प्रत्येक वस्तू आपापल्या वजनाने काटा हलवते आणि हे वजन कुणा अर्थशास्त्र्याने मनाने दिलेलं नसतं. कामगाराच्या घरातल्या खर्चाने ते दिलेलं असतं. मंत्रालयातली नस्ती हलवणारा आकडा मुळात एका स्वयंपाकघराचा हिशेब आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पगारपत्रकातल्या महागाई भत्त्याच्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिलो होतो.

एक लाख माणसांचा प्रश्न

ही मोजणी सुरू कशी झाली? मुंबईच्या गिरण्यांत शिरल्याशिवाय हे कळत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्य, कापड, रॉकेल सगळंच भडकलं. गिरण्यांचा नफा वाढत होता आणि गिरणगावातल्या चाळींमध्ये महिनाअखेर आधीच येत होती. जानेवारी १९१९ मध्ये एक लाखाहून जास्त गिरणी कामगार संपावर गेले. त्यांची मागणी समजायला सोपी होती : भाव चढलेत, पगार चढवा. यावर मालकांनी आणि सरकारने विचारलेला प्रश्न मात्र नवा होता. भाव नेमके किती चढलेत?

उत्तर कुणाकडेच नव्हतं. घाऊक बाजाराचे आकडे होते, आयात-निर्यातीचे होते. पण परळच्या खोलीत राहणाऱ्या जॉबरला किंवा साचेवाल्याला जगायला काय लागतं आणि ते किती महागलं, हे कुणी मोजलंच नव्हतं. १९२१ साली मुंबई सरकारने कामगार कचेरी उघडली. तिने ‘लेबर गॅझेट’ हे मासिक काढलं आणि जुलै १९१४ हा पाया धरून मुंबईतल्या कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक छापायला सुरुवात केली.

त्याच कचेरीने कामगार कुटुंबांचे घरखर्चही तपासले. फिंडले शिरास या अधिकाऱ्याने १९२३ साली त्याचा अहवाल दिला. त्यातला एक निष्कर्ष शंभर वर्षांनंतरही अंगावर येतो. मुंबईचा गिरणी कामगार जेवढं धान्य खात होता, ते दुष्काळी कामांवरच्या मजुरांसाठी सरकारने ठरवलेल्या शिध्याच्या बरोबरीचं होतं आणि तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढं द्यायला सांगितलं होतं, त्यापेक्षा कमी होतं. देशाला कापड पुरवणारा, पहाटेच्या भोंग्याला उठणारा माणूस कैद्यापेक्षा कमी खात होता. आणि हे म्हणत होता सरकारचाच अहवाल.

मोजणीची ताकद इथे दिसते. उपासमार चाळीतल्या प्रत्येकाला ठाऊकच होती, पण मोजेपर्यंत ती गाऱ्हाणं होती. मोजल्यावर तिचा पुरावा झाला.

पै आणि पॉइंट

पुरावा हाती आला तरी हक्क लगेच मिळत नाही. निर्देशांक छापला जात होता, पण पगार त्याला बांधलेला नव्हता. दुसरं महायुद्ध सुरू झालं, भाव पुन्हा उसळले आणि मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरण्या पुन्हा थांबल्या. संप सुमारे चाळीस दिवस चालला आणि त्याच्या केंद्रस्थानी एकच मागणी होती : महागाई भत्ता.

त्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत एक साधी पण मोठी कल्पना रुजली. निर्देशांक एका अंकाने चढला की भत्ता दिवसाला ठरलेल्या इतक्या पै चढणार. पै म्हणजे आण्याचा बारावा भाग, रुपयाचा १९२वा. एवढी बारीक नाणी, पण त्यांच्यामागचं तत्त्व प्रचंड होतं. तोवर भाव चढले की कामगाराने अर्ज करायचा, सभा भरवायची, संप करायचा, उपाशी राहायचं आणि मग चार आणे मिळवायचे. चार महिन्यांनी भाव पुन्हा चढले की पुन्हा पहिल्यापासून. आता पगार आपसूक भावांच्या मागे चालू लागणार होता.

या व्यवस्थेने एक अनोखा वाचक घडवला. आज काही लोक शेअर बाजाराचा निर्देशांक पाहतात, तसे गिरणगावातले कामगार राहणीखर्चाचा निर्देशांक पाहू लागले. या महिन्यात किती पॉइंट चढले, हा त्यांच्या घरच्या दुधाचा आणि पोरांच्या वह्यांचा प्रश्न होता. युनियनच्या कचेरीत फलकावर घोषणांच्या शेजारी आकडेही लिहिले जाऊ लागले.

गणितासाठी बंद

या गोष्टीतलं मला सर्वात थक्क करणारं वर्ष १९६३.

मुंबईचा निर्देशांक तेव्हाही १९३३-३४ च्या टोपलीवर उभा होता. तीस वर्षं जुन्या टोपलीची अडचण सहज समजते. त्या टोपलीत नोंदलेला कापडाचा एखादा प्रकार बाजारातूनच नाहीसा झाला, तर भाव कशाचा घ्यायचा? त्याच्या जागी आलेलं कापड वेगळ्या पोताचं, वेगळ्या किमतीचं. वाढलेल्या किमतीतला किती भाग महागाईचा आणि किती भाग मालाच्या दर्जाचा, हे ठरवताना थोडी जरी चूक झाली तरी ती दर महिन्याला पुढे सरकत राहते आणि तीस वर्षांत तिचा डोंगर होतो. त्यातच १९६० हा पाया धरून नवी मालिका येत होती. जुन्या मालिकेतली चूक न सुधारता नवी तिला जोडली, तर ती चूक कायमची पक्की होणार होती.

मुंबईच्या कामगार संघटनांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. आमच्या घरातला खर्च जेवढा वाढलाय, तेवढा तुमचा आकडा वाढलेला नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. ऑगस्ट १९६३ मध्ये मुंबई बंद झाली. त्या बंदमागे महागाई आणि इतर मागण्या होत्याच, पण त्यांच्या जोडीला निर्देशांकातल्या चुका हीसुद्धा मागणी होती. एका सांख्यिकी सूत्रातली गफलत दुरुस्त व्हावी म्हणून एवढं मोठं शहर थांबलं, याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. बंदमध्ये उतरलेल्या कित्येकांनी शाळेचं तोंड फारसं पाहिलेलं नव्हतं. पण रोज रात्री घरात हिशेब जुळवणाऱ्या माणसाला सरासरी चुकलीय हे कळायला पदवी लागत नाही.

महाराष्ट्र सरकारने मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने आकडे उलगडून तपासले आणि निर्देशांकात खरोखर दोष आहेत, तो कमी भरतो आहे, असा निर्वाळा दिला. जुन्या आणि नव्या मालिकेला सांधणारा गुणक, ज्याला कचेऱ्यांत लिंकिंग फॅक्टर म्हणतात, मुंबईसाठी ४.४४ ठरला. म्हणजे १९३३-३४ साली शंभर रुपयांना येणाऱ्या टोपलीला १९६० मध्ये ४४४ रुपये लागत होते. कामगारांचं म्हणणं बरोबर ठरलं. हेच लकडावाला पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि देशाची दारिद्र्यरेषा कशी मोजावी, हे सांगण्यासाठी १९८९ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ गटाचंही नेतृत्व त्यांनीच केलं.

सहासष्ट पट लांब साखळी

सांध्याचे हे गुणक एकापुढे एक ठेवले की काळाचा एक अद्भुत दोर हाती लागतो. अखिल भारतीय निर्देशांकात १९६० च्या मालिकेपासून १९८२ च्या मालिकेपर्यंत गुणक ४.९३. तिथून २००१ च्या मालिकेपर्यंत ४.६३. तिथून २०१६ पर्यंत २.८८. तिन्हींचा गुणाकार केला तर येतात जवळजवळ ६६. म्हणजे १९६० मध्ये शंभर रुपयांत जे घर चालत होतं, त्याला २०१६ मध्ये साडेसहा हजारांहून जास्त लागत होते. त्यावर पुढची वाढ धरली तर २०२५ साली साडेनऊ हजारांच्या आसपास. आजोबांच्या शंभर रुपये पगाराची गोष्ट ऐकून आपल्याला वाटतं, केवढं कमी मिळायचं त्यांना! पण आजोबांचे शंभर आणि नातवाचे साडेनऊ हजार एकाच टोपलीची किंमत आहेत.

आता पगारपत्रकातली ती ओळ आपण स्वतः सोडवून पाहू. जुलै २०२४ ते जून २०२५ या बारा महिन्यांच्या निर्देशांकांची सरासरी येते सुमारे १४३.६. तिला २.८८ ने गुणलं की जुन्या २००१ च्या मालिकेतला आकडा मिळतो, सुमारे ४१३.५. सातव्या वेतन आयोगाने पाया धरलेला आकडा आहे २६१.४२. चारशे साडेतेरामधून तो वजा करा आणि बाकीला त्यानेच भागा. उत्तर येतं ५८ टक्के आणि वर थोडे दशांश. दशांश सोडून दिले जातात. जुलै २०२५ पासूनचा केंद्रीय महागाई भत्ता म्हणजेच ५८ टक्के. सरकारच्या ‘निर्णया’ची बातमी ज्या दिवशी येते, त्याच्या कितीतरी आधी हे उत्तर कुणीही कागद-पेन्सिल घेऊन काढू शकतो. अंदाज बांधायला जागाच उरत नाही आणि मेहरबानीलाही नाही. हेच तर १९४० मध्ये मागितलं होतं.

तरीही भाव आणि पगार यांना जोडणारी ही तार तुटू शकते. करोनाच्या काळात जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते केंद्र सरकारने गोठवले. दीड वर्ष भत्ता १७ टक्क्यांवर थांबला आणि जुलै २०२१ पासून तो एकदम २८ टक्के झाला. मधल्या महिन्यांची थकबाकी मिळाली नाही.

आणि तार शाबूत असली तरी भत्ता माणसाला पुढे नेत नाही, फक्त मागे पडू देत नाही. चालत्या पट्ट्यावर उलट दिशेने चालून जागच्या जागी राहावं, तसं. पुढे जायचं तर मूळ पगारच वाढावा लागतो आणि त्यासाठी युनियनला वेगळी लढाई लढावी लागते.

टोपली कुणाची?

टोपलीवरचा वाद १९६३ मध्ये संपला नाही, संपणारही नाही. २००१ च्या टोपलीत खाण्यापिण्याचं वजन ४६.२० होतं, २०१६ मध्ये ते ३९.१७ झालं. एका अर्थी ही आनंदाची बातमी आहे. उत्पन्न वाढतं तसा अन्नावरच्या खर्चाचा वाटा घटतो, हा जर्मन सांख्यिकीतज्ज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये मांडलेला नियम. पण सरासरी कुटुंबाचा वाटा घटला म्हणून प्रत्येकाचा घटत नाही. त्याच कारखान्यात कंत्राटी म्हणून राबणाऱ्याच्या घरात आजही मिळकतीचा मोठा भाग पोटातच जातो. डाळ-तेल भडकलं की त्याला निर्देशांकापेक्षा जास्त चटका बसतो.

सूत्रातही एक बारीक बदल झाला. समजा, एका दुकानात भाव तसाच राहिला आणि दुसऱ्यात दुप्पट झाला. साधी सरासरी म्हणते, भाव दीडपट झाला. नव्या मालिकेत भूमितीमध्य वापरतात. तो म्हणतो, १.४१ पट. यामागचा तर्क असा की गिऱ्हाईक महाग दुकान सोडून स्वस्तातल्याकडे वळतं. तर्क चांगला आहे. पण जी बाई आधीपासूनच सर्वात स्वस्त दुकानात उभी आहे, तिने कुठे वळायचं? शाळेत बीजगणितात शिकलेल्या एका मध्यात असा हाडामासाचा प्रश्न दडलेला असतो.

टोपलीची तळाची रेघ कुठे असावी, हेही एकदा बसून ठरवलं गेलं आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी मिळून किमान वेतनाची कसोटी लिहिली : कमावत्या एका माणसामागे तीन जणांचं खाणं, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घराचं भाडं आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी वीस टक्के. कुटुंब चौघांचं, पण माणसं तीनच धरली, कारण नवरा एक, बायको ०.८ आणि दोन मुलं प्रत्येकी ०.६. १९९१ साली जाहीर झालेल्या रेप्टाकोस ब्रेट खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मुलांचं शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितलं. चणे खाऊन जगणं वेगळं आणि माणूस म्हणून जगणं वेगळं, हे या पंचवीस टक्क्यांत कोरलेलं आहे. आणि बायकोचे ते हरवलेले ०.२ अजून कुणी तरी परत मागायचे आहेत.

सगळ्यात मोठा प्रश्न टोपलीच्या बाहेरच्यांचा. घरात बसून टिकल्यांची पाकिटं भरणारी, नाक्यावर काम शोधणारी, मोटरसायकलवरून जेवणाचे डबे पोचवणारी माणसं त्याच बाजारात, त्याच भावाने डाळ घेतात. त्यांच्या कमाईला निर्देशांकाची दोरी बांधलेली नाही. मुंबईतल्या १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, तेव्हा हजारो कामगारांच्या हातून नोकरीबरोबर ही दोरीही सुटली. पुढे लहानमोठ्या वर्कशॉपमध्ये जो पगार मिळाला, तो भाव चढले तरी होता तेवढाच राहिला. शेतमजुरांसाठीचा वेगळा निर्देशांक तर कितीतरी वर्षं १९८६-८७ च्या पायावर चालत राहिला. त्याला २०१९ चा नवा पाया मिळाला तो २०२५ मध्ये. शेतमजुरांची १९६३ सारखी मुंबई नव्हती, जी थांबवता आली असती.

म्हणून त्या बाजारातल्या माणसाकडे मला आदराने पाहावंसं वाटतं. तो पुढच्या आठवड्यात पुन्हा येईल. वही उघडेल आणि दुकानदाराला विचारेल, “आज तूरडाळ काय भाव?” दिवसभरात शंभर जण हाच प्रश्न विचारतात आणि आपल्या पिशवीपुरतं उत्तर घेऊन जातात. हा एकटा सगळ्यांच्या वतीने विचारतो. शंभर वर्षांपूर्वी एक लाख माणसं गिरणीच्या फाटकाबाहेर येऊन उभी राहिली नसती, तर सरकारच्या वतीने हा प्रश्न विचारायला कुणी आलंच नसतं.